बंद दाराआड ऐकणारे काका

आजच्या या छोटेखानी समारंभाच्या अध्यक्ष, म्हणजे ज्यांना आम्ही समोर मॅडम आणि पाठीमागे मोठ्या बाई म्हणतो त्या आमच्या कंपनीच्या मालकीणबाई. व्यासपीठावर येण्याची तसदी घेतलेले अग्निशमन दलाचे निवृत्त अधिकारी साहेब. आजचे सत्कारमूर्ती, आम्हा सगळ्यांचे काका. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या कन्या. शिडीवरचे, ड्रिलवरचे आणि फोनवरचे माझे सहकारी. आणि चहा येईपर्यंत तरी गप्प बसा असं ज्यांना बजावलं आहे ते मागच्या रांगेतले मित्रहो.

माझं नाव काकांनी सुचवलं. "माझ्याबद्दल बोलायचं तर तोच बोलेल," असा त्यांनी निरोप धाडला. हा मान आहे की शिक्षा, ते मला उमगलेलं नाही. गेले काही दिवस मला तसं काहीच उमगत नाही. राग येत नाही. माझ्यासारख्याला राग येत नाही, म्हणजे बघा! कॉलेज मी अर्ध्यावर सोडलं ते एका सरांशी भांडून, आणि भांडण कशावरून होतं ते आता आठवतही नाही. हल्ली शिडी पायावर पडली तरी मी नुसता तिच्याकडे बघत राहतो. तेव्हा भाषण सपक वाटलं तर वक्त्याची तब्येत समजून सोडून द्या.

घरोघरी धुराचे अलार्म बसवणं हे आपलं काम. ते या साहेबांपुढे समजावून सांगणं म्हणजे आईजवळ आजोळच्या गोष्टी. पण मला हे काम काकांनी शिकवलं, आणि त्यांची शिकवण त्यांच्याच शब्दांत सांगायला हवी. पहिल्याच दिवशी मी अलार्म खोलीच्या कोपऱ्यात धरून उभा होतो. काका खालून म्हणाले, "अरे, धूर आळशी असतो. वर जातो, छताला पाठ लावतो आणि पसरतो. कोपऱ्यात शिरायचा त्याला कंटाळा. जरा मध्याकडे ये." मी पंख्याजवळ गेलो. "तिथं नको, वारा त्याला हुसकावतो." न्हाणीघराच्या दाराशी गेलो. "तिथं नको, वाफेलाच धूर समजून बोंब मारेल." मी चिडून शेगडीच्या वर बोट दाखवलं, तर काका शांतपणे म्हणाले, "लाव. रोज स्वयंपाक करताना ओरडेल, आठवड्यात घरचे लोक बॅटरी काढून रिमोटमध्ये घालतील, आणि आग लागेल तेव्हा टीव्ही मात्र छान चालू असेल."

मी ड्रिल उचललं तर म्हणाले, "छतातून वायर कुठून गेली आहे ते आधी बघ. डोकं तुझं गरम आहे तेवढं पुरे."

एका घरच्या बाईंनी अलार्म पडद्यामागे लावायचा हट्ट धरला होता. दिवाणखान्याची शोभा जाते म्हणे. काका म्हणाले, "बाई, शोभेचं काम झुंबराला द्या. हा पहारेकरी आहे. त्याला पडद्याआड उभा केलात तर तोही डुलक्या काढेल." बाई हसल्या आणि अलार्म जागेवर लागला. मी असतो तर भांडण लागलं असतं.

पण काकांची खरी ख्याती ऐकण्याची. यंत्र बसलं, दिवा लागला, आवाज आला, की बाकीच्या कंपन्यांचं काम संपतं. आपलं संपत नाही. पॅसेजमध्ये कान फाटेल असा आवाज बंद दाराआड, पांघरुणाखाली, कितीसा पोचतो? झोपलेल्याला जाग आली नाही तर त्या यंत्राचा उपयोग काय? म्हणून काका सगळ्यांत लांबच्या खोलीत जायचे, दार लावून घ्यायचे, पलंगावर आडवे व्हायचे आणि डोळे मिटायचे. मी शिडीवरून बटण दाबायचो. आवाज जाग येण्याइतका असेल तर काका आतून भिंतीवर टकटक करायचे. टकटक नाही आली तर त्या खोलीत आणखी एक अलार्म. त्यांच्या टकटकीवर अख्खी घरं निर्धास्त झोपायची.

मंडळी, आमंत्रणपत्रिकेवर लिहिलं आहे, 'प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्ती'. सभ्य वाक्य आहे. इथं सगळ्यांना कारण माहीत आहे आणि आज एकाही वक्त्याने ते उच्चारलेलं नाही. मी उच्चारणार आहे. मॅडम, माझ्याकडे असं बघू नका, मला बोलायला तुम्हीच उभं केलंत.

ते एक जाड दारांचं घर होतं. मी नवा अलार्म बसवला, पण बॅटरीपाशी असते ती प्लास्टिकची पट्टी, जी काढल्याशिवाय अलार्म चालूच होत नाही, ती ओढायला विसरलो. काका आत जाऊन झोपले होते. मी बटण दाबलं. चूं नाही की चां नाही. घर स्तब्ध. आणि आतून भिंतीवर आली टकटक!

मला आधी हसू आलं. मग न ओढलेली पट्टी दिसली आणि मी तिच्याकडे बघत राहिलो. मुद्दाम पुन्हा बटण दाबलं, पुन्हा आवाज नाही, पुन्हा टकटक. मी बटण दाबलं की शिडी हलते आणि तिचे पाय जमिनीवर किंचित ठोकतात. काका ती थरथर पलंगाच्या पायांतून ओळखत होते. किती काळ, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

मी दार ढकलून आत गेलो आणि ओरडलो, "काका, पट्टी अजून आतच आहे, तुम्हाला ऐकू तरी येतं का?" मागून घरच्या आजी म्हणाल्या, "बाळा, एवढा ओरडू नकोस, इथं कुणी बहिरं नाही." काका उठले, चादर नीट केली, उशी होती तशी ठेवली आणि म्हणाले, "चल, पट्टी काढ. या खोलीत तू झोप, बटण मी दाबतो."

मी त्याच संध्याकाळी मॅडमना सांगितलं. काकांनी ऐकलेली घरं आपण सगळे आता पुन्हा तपासतो आहोत. काही घरांत बंद दाराआड आवाज पोचत नव्हता, तिथं आतल्या खोल्यांत जादा अलार्म लागले. कुठंही आग लागलेली नव्हती, हे आपलं नशीब. मी सांगितलं याचं मला वाईट वाटत नाही. उद्या पुन्हा प्रसंग आला तर पुन्हा सांगेन.

काकांच्या घरी माझं येणंजाणं होतं. कशासाठी होतं ते मागच्या रांगेला ठाऊक आहे. त्यांनी हसू नये. त्या घरात मला विचारलं गेलं, "तक्रार करायला तुला माझेच बाबा सापडले?"

मी म्हणालो, "त्या घरांत लहान मुलं झोपतात."

"आणि आमच्या घरात कोण झोपतं? त्यांचं काम गेलं की ते काय करतील, याचा विचार केलास?"

"तू तरी त्यांना कधी सांगितलंस, ऐकू येत नाही म्हणून?"

त्यावर दार लागलं. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द नाही. आमच्या ऑफिसच्या फोनवरची नोकरीही सोडली गेली. सोमवारी काकांच्या कन्या नव्या नोकरीसाठी परगावी जात आहेत. जाऊ द्या. खरंच, मला काही वाटत नाही. वाटायला हवं एवढं कळतं.

मघापासून मी इथून एक गोष्ट बघतो आहे. प्रत्येक भाषणाला काका हसून मान हलवताहेत, आणि प्रत्येक वाक्य त्यांच्या कन्या त्यांच्या कानाशी वाकून सांगताहेत. माझी वाक्यंही त्या सांगताहेत, दार लागल्याचंसुद्धा सांगितलं. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आता शेवटचं. टेबलावरच्या खोक्याला नुसतं 'भेटवस्तू' म्हणायचं, असं ठरलं होतं. त्यात ऐकू न येणाऱ्या माणसासाठीचा धुराचा अलार्म आहे. धूर आला की दिवा लखलखतो आणि उशीखाली ठेवलेली चकती जोरात थरथरते. काका, तुमच्या पॅसेजमधला अलार्म तुम्ही स्वतः बसवला आहे, जागा अचूक आहे, आणि तो तुम्हाला ऐकू येत नाही. आजवर तो ऐकणारे कान तुमच्या लेकीचे होते. सोमवारपासून त्या घरात तुम्ही एकटे असाल.

...काकांच्या कानाशी सांगता सांगता तुम्ही थांबलात. एवढंच त्यांना सांगितलं नाहीत.

हे बघा, माझ्यावरचा राग ठेवा. मी नको असेन तर दुसरा कुणी येऊन बसवेल. पण मी सांगून भागणार नाही, त्यांना ते माझ्याकडून ऐकू येणारच नाही. तुम्ही सांगा. आम्ही थांबतो.

...

काय म्हणालात, काका? मंडळी, काका विचारताहेत, "दिवा छतावर लावणार की पलंगासमोर?" पलंगासमोर, काका. तुम्ही कुशीवर झोपता ना, त्या बाजूला.

आणि विचारताहेत, "ही चकती उशीखालून घसरली तर?" बांधून देऊ, काका.

पुढचं त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं सांगतो: "रविवारी ये. शिडी ही धरेल." ज्यांच्याबद्दल ते बोलले त्या काही बोललेल्या नाहीत. नाही, असंही म्हणालेल्या नाहीत.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी मध्येच खाली बसवलं नाही, साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, सगळ्यांचे आभार. बोलण्यात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर पोटात घाला. सांगायचं नव्हतं ते सांगितलं, तेवढ्याची मात्र क्षमा मागत नाही.

रविवारी येतो, काका. कन्येने हे तुम्हाला सांगितलं की मी खाली बसतो.