स्वयंपाकघराची खिडकी

अमेरिकेतल्या यंगस्टाउनच्या तुरुंगाबाहेर, भेटीच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि एक तरुण बाई उभ्या होत्या.

“पोरी, तू पण इथं?”

“काय करू, मिस लोरेटा? डेलरॉयला पकडलं.”

“कारखाना बंद पडल्यापासून आपली अख्खी गल्ली इथंच भेटते बघ. आधी चर्चमध्ये भेटायची. काय केलं तुझ्या नवऱ्यानं?”

“रिकाम्या घरातले तांब्याचे पाइप कापले, भंगारात विकायला.”

“अगं, पण दुसऱ्याच्या घरात शिरायचं म्हणजे...”

“आमचंच घर ते. हप्ते थकले म्हणून बँकेनं घेतलेलं. पाइपसुद्धा त्यानंच बसवले होते.”

“मग शिरला कुठून? बँक तर कुलपं बदलते.”

“स्वयंपाकघराच्या खिडकीतून. तिची कडी लागत नाही. दुरुस्त कर म्हणून किती वर्षं मागे लागले होते मी त्याच्या. म्हटलं, चोर शिरेल एखाद्या दिवशी.”