नातवाच्या लग्नातला अर्कान

युक्रेनमधल्या कोलोमियाच्या दवाखान्यात ओदार्का नंबर यायची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर डोंगरातल्या गावातून आलेलं एक म्हातारं जोडपं होतं.

"डॉक्टरला काय सांगणार आहेस, प्रोकिप?"

"गुडघ्यात इंजेक्शन द्या म्हणेन. शनिवारी नातवाच्या लग्नात अर्कान नाचायचाय."

"एक्काहत्तराव्या वर्षी? बाकावरून उठायला तुला दोन माणसं लागतात!"

"मग नाचणार कोण? आपल्या ओस्तापचे सगळे दोस्त युद्धाच्या आघाडीवर. तो स्वतः कशीबशी सहा दिवसांची रजा काढून येतोय. नवरदेवानं एकट्यानंच रिंगण करायचं का?"

"तसं कुठं म्हणतेय मी?"

"पाच म्हातारे तयार केलेत. फेदिरनं तर काल काठी टाकून सराव केला."

"आणि आज अंथरूण धरलंय, तेही सांग ना."

"धरू दे! एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले, की एकाला दुसरा सावरतो. पोराला परत तिकडंच जायचंय, याव्दोखा. त्याचं लग्न नाचाशिवाय होऊ द्यायचं नाही मला."



तेवढ्यात नर्सनं पुकारलं, "प्रोकिप सावचुक!"

दोघंही उठली.

"आजोबा एकटेच या आत."

"मलाही इंजेक्शन हवंय, पोरी," डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधत याव्दोखा म्हणाली.

"अगं, अर्कान पुरुषांचा नाच आहे!"

"माहितेय मला. पण तुझ्या या दुखऱ्या बाजूला कोण उभं राहणार? तो फेदिर?"

ओदार्कानं पाय आत घेतले आणि दोघांना वाट करून दिली.