कोरा तक्ता आणि एक ठिपका

...नाही हो साहेब, तो ठिपका नाहीच, शाई उडालीय ती — लाल शाईच मेली, कधी कुठे उडेल नेम नाही — तुम्ही बसा ना आधी, चहा सांगते. अहो, त्या स्टुलावर नको! ते अपघात केलेल्या ड्रायव्हरांचं स्टूल, माझी बोलणी खायला बसतात त्यावर. तुम्ही खुर्ची घ्या. तर काय सांगत होते? पदक. त्याला उद्या पदक द्यायचं की नाही हे ठरवायला आलात ना मोठ्या ऑफिसातून? द्या की! उभ्या नोकरीत एक अपघात नाही असा ड्रायव्हर आपल्या डेपोत तो एकटाच — सगळ्यांपुढे टाळ्या, छातीवर पदक, निळ्या शर्टावर काय शोभेल — म्हणजे कुठल्याही शर्टावर शोभेल, मला काय त्याचं? मी आपली तक्ते रंगवणारी बाई.

तक्ते बघा ना तुम्ही, दाराकडून सुरू करा. हा मी लागले त्या वर्षीचा — भिंतीला गोवर आलाय नुसता! एक अपघात, एक ठिपका. पत्र्याला पत्रा घासला तर बारीक, माणसाला लागलं तर मोठा. तेव्हा दार उघडं टाकून बसगाड्या सुटायच्या, लोक लोंबकळायचे, ड्रायव्हरला ड्युटीवर ड्युटी — डोळे मिटतायत आणि बाबा गाडी हाणतोय. हा मोठा दिसतो ना, ही एक आजी होती. एक पाय पायरीवर, एक खाली, आणि गाडी हलली. हा रंगवताना मी रडले होते, खोटं कशाला बोलू? मग लागले सगळ्यांच्या हात धुऊन मागे — दार लागल्याशिवाय गाडी हलणारच नाही अशी सोय करून घेतली, वेगाला लगाम घातला, ड्रायव्हरांना आडवं व्हायला खोली मिळवली — आणि बघा की, हा तक्ता विरळ, हा आणखी विरळ, हा तर मोजके चार ठिपके, आणि या वर्षीचा कोरा करकरीत! म्हणजे — ती शाई सोडून.

काय? शाईखाली तारीख आहे? कुठे — अगं बाई!

बरं. ठिपका आहे. पण बारीक आहे ना? गाडीत चिटपाखरू नव्हतं, भर दुपार, रस्ता मोकळा, आणि गाडी गोगलगायीच्या चालीने आली न् डेपोच्या फाटकाच्या खांबाला टेकली. टेकली हो, आदळली नाही! मग तो आला वर. भांग पाडलेला, शर्टाला कडक इस्त्री — अपघात करून आलेला माणूस इस्त्री करून येतो का, तुम्हीच सांगा? बसला या स्टुलावर. मी विचारलं, ब्रेक लागला नाही का? म्हणाला, लागला. मग? मग सोडला. — सोडला! मी म्हटलं, शुद्धीवर आहात ना? तर मान खाली घालून सांगतो कसा, रोज सकाळी लाउडस्पीकरवर तुमचा आवाज ऐकतो, 'दार लावा, मग गाडी काढा', इतकी वर्षं ऐकतोय, पण अपघात केल्याशिवाय या खोलीत कुणाला बोलावतच नाही तुम्ही, मग यायचं तरी कसं माणसानं? — साहेब, मला इतकं हसू लोटलं, इतकं हसू, की चहा नाकात गेला! या वयात! घरी वहिनी म्हणाली, वन्सं, आज एकट्याच काय हसताय? आता रविवारी लग्न आहे आमचं, आणि — हे मी सांगणार नव्हते.

म्हणजे बघा, मुद्दाम केलेला अपघात, तो अपघात कसा? अपघात म्हणजे नकळत होतो तो. मग एकही अपघात नाही हे खरंच झालं की नाही? झालं! ...पटतंय तुम्हाला? हसताय तुम्ही, मिशीत हसताय — अहो, उठलात कशाला? ते ओलं फडकं कशाला घेतलंत? थांबा. थांबा साहेब, हात लावू नका! पुसू नका तो!

नाही, नाही पुसायचा. त्या आजीचा ठिपका राहिलाय ना भिंतीवर? मग माझ्या माणसाचा कसा पुसू? त्यालाही सांगितलं होतं मी ब्रश हातात घेऊन — पदक जाईल हो तुमचं. तर म्हणाला, खुशाल लावा, मोठा लावलात तरी चालेल. आणि खरं सांगू? कोरा तक्ता मिळावा म्हणून इतकी वर्षं जीव टाकला मी, पण या खोलीत आल्या आल्या रोज आधी तो ठिपकाच बघते. मुद्दाम केलं हेही लिहा, दंड झाला तर दोघं भरू. — ऐकलंत? दोनदा हॉर्न. तोच आहे, रिकामी गाडी लावून आलाय खाली, आता वर यायला त्याला ठिपका लागत नाही. निघा बरं तुम्ही, चहा पुढच्या खेपेला. आणि जाताना फाटकाचा खांब वाकलेला दिसेल — तो सरळ करायला मात्र कुणाला सांगू नका.