पतंगाच्या खुंटीवरचे बाबा

मूळची मी लांज्याकडची, लग्न करून ठाण्याजवळ दिवा गावाला आलेली, तिथं पाण्यासाठी रोजची मारामारी म्हणून मग डोंबिवलीत चाळीत खोली घेतली, आणि पोरं शाळेला लागली तशी मी आमच्या बाईंच्या संस्थेत बालवाडीला मदतनीस म्हणून लागले. बाई म्हणजे संस्थेच्या मुख्य, शाळेतनं रिटायर झालेल्या, आवाज असा की पोरं सोडा, पोरांच्या आयासुद्धा गप्प बसायच्या. माझं काम काय, तर झाडायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, कुणाची चड्डी ओली झाली तर बदलायची. आयुष्यभर हेच करणार असं वाटलेलं. काय सांगू तुम्हाला, लागले कशाला आणि करायला काय लागलं.

करोना आला तशी बालवाडी बंद झाली. आधी आम्ही त्याच शेगडीवर खिचडी करून वस्तीत वाटली, मग संस्थेची कार्यकर्ती मंडळी घरोघर औषधं पोचवायला लागली, आणि मग माणसं जायला लागली तेव्हा स्मशानातही हीच मंडळी उभी राहिली, कारण घरातले एकतर ॲडमिट नाहीतर घरात बंद. दहन व्हायचं, पण अस्थी न्यायला कोण येणार, गाड्या बंद, रस्ते बंद. स्मशानात ठेवायला जागा उरली नाही. एक दिवस बाई बोलल्या, सुनंदा, आपली खोली रिकामीच आहे. मी बोलले, बाई, पोरांची खोली आहे हो ती. बाई बोलल्या, म्हणूनच, पोरांच्या खोलीत कुणाला एकटं वाटत नाही.

तर त्या खोलीत भिंतीला खुंट्या होत्या, पोरांची दप्तरं अडकवायला. पोरांना वाचता येत नाही ना, म्हणून प्रत्येक खुंटीवर चित्र, कुणाला ससा, कुणाला छत्री, कुणाला कमळ. अस्थी जमिनीवर ठेवायच्या नसतात, मग मडकी फडक्यात बांधून, नावाची चिठ्ठी लावून त्या खुंट्यांवर अडकवली. खुंट्या पोरांच्या उंचीच्या, त्यामुळं मडकी माझ्या कमरेला यायची, वाकूनच बघावं लागायचं. वर भिंतीवर पोरांनी खडूनं काढलेली माणसं, गोल डोकी, काड्यांचे हात, सगळी हसणारी, आणि त्यांच्या खाली ही रांग. बाहेर रिक्षा नाही, माणूस नाही. पंखा लावला की फडक्यांची टोकं हलायची, आणि मला वाटायचं माझी पाठ वळली की ही काहीतरी बोलतात. मग मी पंखा लावणंच सोडलं. घामानं निथळत झाडायचे, सांजेला दिवा लावायचे, दार ओढायचे आणि मागं न बघता जायचे.

मग फोन यायला लागले. कुणी साताऱ्याहून, कुणी नाशकाहून. ताई, आई ठीक आहे ना हो? आता ह्याला काय उत्तर द्यायचं? मी बोलायचे, हो, सशाखाली आहेत, दिवा लावलाय. मग ती माणसं बोलायची, जरा फोन जवळ धराल का. मी धरायचे. एका पोरीनं आईला रिझल्ट सांगितला. सगळ्यात जास्त फोन करायचा तो मिलिंद, नागपूरचा. त्याचे बाबा, श्रीधर काका, पश्चिमेला एकटे राहायचे, ठाण्याच्या एका कोविड सेंटरात वारले, तिथनं आमच्या मंडळींनी अस्थी आणल्या, ते पतंगाच्या खुंटीवर होते. बापलेकांचा कितीतरी वर्षं अबोला, मिलिंदच्या लग्नावरनं. आता रोज सांजेला फोन. बाबा, आज तुमच्यासारखा चहा केला, आलं जास्त पडलं. बाबा, मी निघालो तेव्हा तुम्ही दारात उभे होतात, मला दिसलेलं, मी मुद्दाम वळलो नाही. मी फोन धरून भिंतीकडं तोंड करायचे, पण कानाला कसं झाकणार? आणि खरं सांगते, तो बोलायचा तेव्हा त्या खोलीत कुणीतरी ऐकतंय असं मला वाटायचंच.

एका सांजेला नेहमीच्या वेळेला मिलिंदचा फोन आला. मी बोलले, जवळ धरू का? तो बोलला,

“ताई, आत्ता बाबांचा फोन आलेला.”

मला वाटलं, पोराचं डोकं फिरलं. पण तसं नव्हतं. सेंटरात काकांच्या शेजारच्या खाटेवर रस्त्यावरनं उचलून आणलेला एक माणूस होता, नाव नाही, गाव नाही. त्या गर्दीत कागद इकडचा तिकडं झाला. तो माणूस गेला तो श्रीधर काकांच्या नावानं, आणि तोंड बघायला कुणाला देतच नव्हते. काका बेशुद्ध, अनोळखी म्हणून पडून राहिले, शुद्धीवर आले तेव्हा स्वतःचं नाव सांगितलं, तेव्हा कळलं. मिलिंद हसत होता आणि रडत होता. मी फोन ठेवला आणि पतंगाकडं बघितलं. कालपर्यंत ओळखीचं माणूस होतं हो ते, त्याचा चहा कसा ते मला माहीत होतं. आता तिथं कोण होतं?

काकांना घरी सोडलं तर बिल्डिंगमधल्यांनी दारं लावून घेतली. मग थोडं चालता यायला लागल्यावर ते आमच्याकडं आले. हाडं राहिलेली नुसती, तोंडाला मास्क. दारात उभं राहून बोलले,

“मी कुठंय, ते दाखवा.”

मी बोट दाखवलं. ते पोरांच्या बाकड्यावर बसले, गुडघे हनुवटीला लागलेले, आणि कितीतरी वेळ मडक्याकडं बघत राहिले. मग विचारलं, मिलिंद काय बोलायचा? मी सगळं सांगितलं, चहाचं, दाराचं. ते मान हलवत ऐकत होते, डोळ्यांना रुमाल लावत नव्हते, वाहू देत होते.

बाईंनी त्या माणसाचा पत्ता लागावा म्हणून ठाण्याला खूप खेटे घातले, पोलिसांत, सेंटरात, कुठंच काही नाही. बाई बोलल्या, बेवारस म्हणून आपणच विसर्जन करू. काका बोलले, बेवारस कसा, माझ्या मुलानं त्याला बाबा म्हटलंय. मग रस्ते सुटल्यावर मिलिंद आला, आणि आम्ही सगळे खडवलीला नदीवर गेलो. बापलेक शेजारी शेजारी उभे, पण मधे मडकं. भटजींनी विचारलं, नाव काय घेऊ? मिलिंद बापाकडं बघायला लागला. काका बोलले, श्रीधर. मी मागनं बोलले, काका, असं करू नये, जित्या माणसाचं नाव असं घेऊ नये. ते माझ्याकडं वळले.

“माझं नाव घेऊनच जळला ना तो? मग नावाशिवाय कसा पाठवू?”

भटजींनी घेतलं नाव. मिलिंदनं पाण्यात सोडताना काकांनी त्याचा दंड घट्ट धरलेला, जणू पाणी पोराला ओढेल, की त्यांनाच ओढेल, कुणास ठाऊक.

आता काका नागपूरला असतात, पोराकडं. अधूनमधून फोन येतो त्यांचा, तब्येत बरी आहे. बालवाडी परत भरते, संस्थेचं कामही वाढलंय, घरात एकटी राहणारी म्हातारी माणसं आहेत ना, त्यांना रोज फोन करायचं काम आता माझ्याकडं आहे. कुणी फोन उचलायला उशीर केला की मी पुन्हा पुन्हा लावत बसते.

पण मी काय म्हणते, त्या माणसाचंही कुठंतरी घर असेल. कुणीतरी अजून वाट बघत असेल, की गेला कुठं हा, आहे का नाही. त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे हो, की शेवटी तो एकटा नव्हता, रोज सांजेला त्याच्याशी एक पोरगा बोलायचा, त्याला बाबा म्हणून हाक मारायचा. जिथं असतील तिथं देव त्यांना झोप देवो, एवढंच मागते मी. आणि त्यालाही.