केळीतला वर्ग

मुकी? नाही मॅडम, मुकी कशी असंल ती — डॉक्टरले दाखवून काय करू, तो तिची जीभ पाहील अन् मंग माह्याकडं पाहील. घरी असली ना, तर तिच्या तोंडाले हात लावून गप करावं लागतं. दात घासताना बोलते, फेस उडतो सगळीकडं. जेवताना बोलते. तिचा आजा म्हणतो, आशाबाई, ही पोटात होती तेव्हा तू रेडिओ गिळला होता का — अन् तुम्ही म्हणता, वर्षभर वर्गात एक शब्द नाही. हाव, तुम्ही कायले खोटं बोलसान. फोनवर ऐकलं अन् हातातलं काम टाकून निघाली. दापोऱ्याहून इथपर्यंत रिक्षात बसून मी हेच म्हणत आली, की दुसरी कोणती हिमानी असंल, मॅडमच्या ध्यानात गडबड झाली असंल. दुसरीच्या वर्गात एकच हिमानी आहे ना? हाव. मंग तीच.

पण एक सांगू का — तुम्ही मराठीत बोलल्या अन् मले धीर आला. मी रिक्षात हिंदी जुळवत आली होती, आपको ऐसा बोलना है, वैसा बोलना है. मले काय माहीत तुम्ही नेपानगरच्या. वडील पेपर मिलमध्ये होते? पहा. म्हणजे आपलेच लोक. हिमाले तर हे माहीतच नाही, ती म्हणते आमच्या रश्मी मॅडमले मराठी येत नाही, तिले समजत नाही आपलं बोलणं, म्हणून मी शाळेत आपलं बोलत नाही. मी म्हटलं असंल बाप्पा. — नाही, नियम आहे हे मले समजतं. मध्यप्रदेशातली शाळा, इंग्रजी बोला, नाही जमलं तर हिंदी, आपलं घरचं बोलणं फाटकाबाहेर. मोठे सर व्हरांड्यात उभे राहतात, ऐकतात, तुम्हाले बी नोकरी सांभाळायची आहे. मी तक्रार नाही करू राहिली. तक्रार करायले तोंड पाहिजे, ते माह्याजवळ नाही अन् पोरीजवळ बी नाही, असं म्हणा.

चूक आमचीच आहे थोडी. नाव घालायले आलो होतो ना, त्या दिवशी माहे सासरे, भाईदास आबा, हे असे हात जोडून उभे राहिले तुमच्यासमोर अन् म्हटले, मॅडम, हाडं आमची, कातडं तुमचं. तुम्ही हसल्या होत्या. आमच्याकडं मास्तरले असंच म्हणतात हो, म्हणजे मारा पण शिकवा, आबाच्या बापानं आबाच्या मास्तरले म्हटलं, आबानं माह्या मालकाच्या मास्तरले म्हटलं, त्याच्याशिवाय शाळेत घातल्यासारखं वाटतच नाही. पण ही आबाचं बोट धरून उभी होती, अन् परत जाताना रिक्षात मले विचारते, माय, माहं कातडं मॅडमचं झालं का? मी हसली. हिचा बाप, जीवन, तो बी हसला, म्हटला, झालं, आता नीट राहा. कोणीच सांगितलं नाही तिले की बाई, हे म्हणायचं असतं, असं काही होत नसतं. आता वाटतं सांगायले पाहिजे होतं. लेकरू ते. ती खरंच तुमची होऊन बसली.

अन् बोलायचं म्हणता ना, तर ती शाळा-शाळा खेळते, ते ऐका तुम्ही एकदा. आमच्या केळीत. मी पिलं काढायले जाते — बुंध्याजवळ लहान लहान केळी फुटतात ना, ती कापावी लागतात, नाही तर घड भरत नाही — तर मी विळा घेऊन आत असते अन् ही माही ओढणी खांद्यावर टाकून ओळीसमोर उभी. एकेका झाडाचं नाव ठेवलेलं. मोहित — प्रेझेंट मॅडम. पूनम — प्रेझेंट मॅडम. सगळ्यांचे आवाज वेगळे काढते, मोहितचा जाडा, पूनमचा बारीक. इंग्रजी तर असं बोलते की मले एक अक्षर समजत नाही पण काम सोडून ऐकत बसावं वाटतं. मी आबाले बोलावून दाखवलं, दोघंही विळे धरून चोरासारखे पानाआड बसलो. आबाच्या डोळ्यात पाणी आलं हो. माही नात मॅडम होईल म्हटले. हुबेहूब तुमच्यासारखी चालते, हात मागं घेऊन — आज तुम्हाले चालताना पाहिलं अन् ती चाल लगेच ओळखली मी. तर अशी सगळ्यांले विचारत विचारत ओळीच्या टोकाले जाते. तिथं ठिबकची नळी सुटलेली आहे, जीवन रोज म्हणतो बसवतो, बसवत नाही, म्हणून त्या एका केळीच्या बुडाशी सदानकदा चिखल. ते झाड म्हणजे हिमानी. स्वतःचंच नाव ठेवलं तिनं त्याले. मंग तिले विचारते काही तरी अन् थांबते. बाकीच्यांचं उत्तर स्वतःच देते, याचं नाही देत. थांबते, थांबते, अन् मंग असे डोळे करून हिंदीत म्हणते — मुँह में दही जमा है क्या? अन् दोन्ही हातांनी बाजूच्या झाडांची पानं धरून जोरजोरात हलवते, खळखळ खळखळ, म्हणजे सगळा वर्ग हसू राहिला. अन् मंग खाली चिखलाकडं पाहते, ओढणी नाकाले लावते, छी, फिर से कर दिया, पूरी क्लास में बास मार रही है —

मी हसली होती मॅडम. आम्ही दोघं हसलो होतो.

नाही, तुम्ही असं बोलल्या असं मी नाही म्हणू राहिली. खेळ आहे लेकराचा, लेकरं वाढवून सांगतात, घरचं बी बाहेर जाऊन काय काय सांगत असंल. ती बोलते हे सांगायले मी आली होती, बस, दुसरं काही माह्या मनात नव्हतं — आता सांगता सांगता मलेच ऐकू आलं. ती घरी येऊन म्हणायची, बाटली सांडली. ड्रेस ओला, मोजे ओले, अन् मी तिले रागवायची, रोज रोज बाटली कशी सांडते, झाकण लावता येत नाही का. चांगली नवीन बाटली घेऊन दिली मी. ते वाक्य तिले येत नाही असं बी नाही हो. मे आय गो टू टॉयलेट, केळीत पूनमच्या तोंडून घडाघडा म्हणते, अन् पूनमले जाऊ बी देते. — तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. चाळीस लेकरं एका खोलीत, माणूस कोणाकोणाकडं पाहील. मले घरच्या दोन पोरी नाही सांभाळल्या जात.

पण काढू नका तिले. खाली पहिलीत बसवा, मागं बसवा, कुठं बी बसवा, नाव काढू नका. जीवननं सांगून ठेवलं आहे, शाळेनं परत केली तर पुन्हा शाळेचं नाव घ्यायचं नाही, हिले चांदनी गावी मामाकडं ठेवू, मामीचं लहान पोरगं सांभाळील, तिथं बोलायची गरजच नाही. तो वाईट माणूस नाही, त्याले लाज वाटते. भाऊबंदांची सगळी लेकरं याच शाळेत आहेत, त्यांच्यासमोर पोरगी परत आली म्हणजे — आणि मी त्याले काय उत्तर देऊ? मी आठवी शिकली, मले घरी तिले शिकवता येत नाही. आबाले तर सही बी येत नाही. तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे आमचं इथं, तुम्हीच सांगा.

एक करा मॅडम. वर्गात नको, मोठे सर ऐकतील. इथं, मधल्या सुट्टीत, दार लावून. एकदा तिच्याशी आपल्या बोलीत बोला. मोठं काही नाही. जेवली का, एवढंच विचारा. तुमच्या तोंडून आपलं बोलणं ऐकलं ना तर तिले समजंल की मॅडम आपल्यातलीच आहे, मंग पहा कशी सुटते, तुम्हालेच म्हणावं लागंल की आता पुरे. — बोलावता? आत्ताच? हाव, हाव, मधली सुट्टी संपतच आली आहे, बोलवा. लई उपकार होतील.

आली. ये हिमा, ये. दाराशी कायले उभी, ही मी आहे ना. डबा बी घेऊन आली का, आण इकडं, मी धरते. इकडं उभी राहा. घाबरू नको, मॅडमले तुह्याशी बोलायचं आहे, घरच्यासारखं. — विचारा मॅडम.

ऐकलं का हिमा? आपल्या बोलीत विचारलं मॅडमनं, जेवली का. सांग.

यस मॅडम. पहा, बोलली, बोलली ना मॅडम — थांबा. हा डबा जड आहे. हिमा, डबा तर भरलेला आहे, पोळीचा कोपरा बी नाही तोडला. जेवली कुठं तू? खरं सांग, कोणी रागावत नाही. मॅडम, तुम्ही पुन्हा विचारता का — हळू विचारा —

यस मॅडम काय, हिमा. जमिनीकडं नको पाहू. तुले घरी यायचं का माह्याबरोबर? नाही, तुम्ही राहू द्या मॅडम, मी विचारते. हिमा, इकडं पाह्य. मी विचारू राहिली, तुही माय. भूक लागली का तुले?

मॅडम, तिनं मले म्हटलं. माह्याकडं पाहून, मले यस मॅडम म्हटलं तिनं.