ताटली काही फिरेना

...गरम होतं हो, होत नाही असं मी कुठं म्हणतोय, पण अर्धंच होतं ना. दुधाचा कप आत ठेवा, बाहेर काढा, कान धरायला जावं तर चटका आणि तोंडाला लावावं तर दूध गारढोण. जेवणाचं तर विचारूच नका, एका घासाला जीभ भाजते आणि दुसऱ्या घासाला दात ठणकतात. का, तर मायक्रोवेव्हमधली ती काचेची ताटली फिरत नाही. दिवा लागतो, घूं घूं होतं, शेवटी टिंगसुद्धा वाजतं, सगळं साग्रसंगीत, फक्त फिरायचं तेवढं राहून जातं. माझं काही म्हणणं नाही, यंत्र आहे, बिघडायचंच, पण कधी बिघडावं याला काही धरबंध? धाकटी घरातून गेली आणि त्याच आठवड्यात यानं मान टाकली.

धाकटी म्हणजे माझी बहीण. गेली म्हणजे तशी गेली नाही हो, लग्न करून गेली. चौपन्नाव्या वर्षी. आम्ही दोघंच त्या घरात, आईवडिलांची आजारपणं काढता काढता तिचं लग्नाचं वय निघून गेलं, सगळे हळहळले. माझंही त्याच आजारपणात निघून गेलं, ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही... असो, माझं काही म्हणणं नाही. आणि मग ही बाई एक दिवस चष्म्याचा नंबर काढायला जाते काय आणि नवरा घेऊन येते काय. चष्म्याच्या दुकानाचा मालक. माणूस चांगला आहे, खोटं कशाला बोलू, पण बोलण्याची तऱ्हा बघा, फोनवरसुद्धा तेच, "दादा, आवाज असा बरा येतोय... की असा?" अहो मेहुणे, दोन्ही सारखेच येतायत, धाकटीला द्या.

तर धाकटीला म्हटलं, अगं, ताटली फिरत नाहीये. आता यात मला काय म्हणायचं होतं ते बहिणीला कळायला नको? ही म्हणते, "दादा, जुना झालाय रे तो, टाकून दे." टाकून दे. इतक्या सहज. म्हटलं, एकदा येऊन बघून तरी जा. "येते रे, या रविवारी नक्की." लग्न झाल्यापासूनचा प्रत्येक रविवार हा 'या रविवारी नक्की'च आहे. एका रविवारी दुकानात गर्दी, एका रविवारी यांना ताप, एका रविवारी दोघं कुठं नदीवर फिरायला गेले... बघा, माणसं फिरतायत, ताटली फिरत नाही. माझं काही म्हणणं नाही, पण मी दर रविवारी सकाळी दाढी करून, चांगला शर्ट घालून बसतो, त्या दाढीचं काय?

मग मीच मनावर घेतलं. ती येईल तेव्हा घर कसं, होतं तसं चालू दिसलं पाहिजे, आपण गेलो आणि दादाचं सगळं ठप्प झालं असं तिला वाटायला नको. गेलो बाजारात, सुट्या भागांच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "काका, मोटर गेली असेल, डबीएवढी असते, घरी बदलता येते. फक्त वरचं झाकण उघडायचं नाही हां, प्लग काढला तरी आत वीज दबा धरून बसलेली असते. खालून काढा." आणि वर म्हणतो, "ही कधी डावीकडं सुरू होते, कधी उजवीकडं, तिचा काही नेम नसतो. तक्रार घेऊन येऊ नका."

मला सांगतो. अहो, त्यावर तर आमच्या घरातलं राजकारण चालायचं! रोज जेवण झालं की दोन कप दूध आत ठेवायचं आणि बटण दाबायच्या आधी बोलायचं, डावी की उजवी. जो चुकेल त्यानं भांडी घासायची. वर्षानुवर्षं. धाकटी पक्की लबाड, ताटली फिरायला लागल्यावर म्हणायची, "मी उजवीच म्हटलं होतं, तुझे कान तपासून घे." आणि मी घासायचो, काय करता. तर हे सगळं तिथं काउंटरपाशी आठवलं आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुकानदार घाबरला बिचारा. म्हणाला, "काका, रडता काय, वर्षाची गॅरंटी आहे."

घरी आलो. आता मी जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलेला माणूस, माझ्या हातात पक्कड म्हणजे काय बोलायचं... फिरणे आणि फिरवणे यातला फरक मी पोरांना फळ्यावर शिकवला, फिरवायचं म्हटलं की कुणीतरी दुसरं लागतं, पण तो फरक घरात एकटं बसून जसा कळतो तसा फळ्यावर कळत नाही. प्लग काढला, ताटली काढली, सतरंजीवर मायक्रोवेव्ह आडवा केला. खालच्या पत्र्यात मोटरपुरता एक तुकडा आखलेला असतो, त्याच्या कडेचे बारीक सांधे कापले की तो सुटतो. एक सांधा कापला, दुसरा कापला, तिसऱ्याला अंगठा. रक्त. हाक मारली, "अगं, पट्टी कुठं आहे?" सवयीनं हो. मग आपली आपणच शोधली, तिच्या कपाटात होती, कपाट रिकामं, पट्टीचा डबा तेवढा ठेवून गेलीय. तिथंच पलंगावर बसलो जरा वेळ. मला करमत नाही हो. साधी गोष्ट आहे, मला त्या घरात करमत नाही.

तुम्ही म्हणाल, मग तोंड उघडून सांगायचं ना. काय सांगू? सगळ्यांची औषधं वेळेवर देत बाईचं अर्धं आयुष्य गेलं, आता कुठं नदीवर जातेय, फोनवर मागं तिचं हसणं ऐकू येतं, असं हसू मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिला सांगू, की ये, दादाचं दूध अर्धंच गरम होतं? नाही सांगणार. माझं काही म्हणणं नाही.

असो. जुनी मोटर काढली, नवी बसवली, वायरी जोडल्या, स्क्रू असा आवळला म्हणता, पत्रा परत लावला, उभा केला, कप ठेवला. तोंडातून आपसूक निघालं, "डावी." बटण दाबलं. फिरली. उजवीकडं फिरली. हरलो. मग भांडी घासली, जिंकलो असतो तरी मीच घासणार होतो म्हणा, पण दूध मात्र एकसारखं गरम, वरपासून खालपर्यंत. इतका आनंद झाला की लगेच धाकटीला फोन लावला. म्हटलं, अगं, फिरली, मी बसवली मोटर, माझ्या हातानं.

"अय्या दादा, तू? एकट्यानं? खरंच?" एवढी खूश झाली. "बरं झालं बाई. अरे, आम्ही या रविवारी नवीन मायक्रोवेव्ह घेऊन तुझ्याकडे येणार होतो, यांनी दुकानसुद्धा बंद ठेवायचं ठरवलं होतं, दिवसभर राहणार होतो. तुला सांगितलं नाही मुद्दाम. आता काही प्रश्नच नाही, मग यांच्या बहिणीकडे जाऊन येतो, केव्हाची बोलावतेय."

काय म्हणणार? म्हटलं, हो हो, जाऊन या, माझं काय, माझं तर आता सगळं फिरतंय. फोन ठेवला. तुम्हाला सांगतो, तेव्हापासून तो मायक्रोवेव्ह सतरंजीवर आडवा करून, पक्कड हातात घेऊन बसलोय, पण काम इतकं पक्कं झालंय माझ्याकडून, की मोडायचं तरी कुठून, तेच सापडत नाहीये.