यामनाची कातडी आणि हद्दाचा हातमोजा

...आणि वर पुन्हा मलाच म्हणतात, ‘मावशी, कातडी सांभाळा हं!’ आता तुम्हाला सांगते, आम्ही मोरोक्कोतल्या मेकनेसच्या बायका, गुरुवार उजाडला की हमामात, गल्लीतल्या वाफेच्या न्हाणीघरात जाणार, ऑलिवचा काळा साबण अंगाला चोपडणार, गरम फरशीवर घाम निघेस्तोवर पडून राहणार, आणि मग असं घासून घेणार, असं घासून घेणार, की मळाच्या वळ्या पडल्या पाहिजेत नुसत्या... नाही पडल्या तर त्याला काय आंघोळ म्हणायचं? आणि अशा बाईला, म्हणजे मला, यामनाला, छातीची गाठ काढल्यावर रेडिएशनचे शेक देणारी ती नर्स, इल्हाम, काल जन्मलेली पोर, सांगते काय? ‘मावशी, शेक चालू आहेत तोवर हमाम बंद. गरम पाणी नाही, घासणं नाही, अत्तर नाही, ऊन नाही. घट्ट कपडे नाहीत. कोमट पाणी हलक्या हाताने ओतायचं आणि मऊ फडक्याने टिपून घ्यायचं.’ टिपून! मी काय सांडलेलं दूध आहे?

मी म्हटलं, अगं पोरी, महिन्याभरावर माझ्या सुकैनाचं लग्न आलंय, लग्नाआधी नवरीचा हमाम आहे, नवरीची आई हमामात नाही तर काय गावच्या बायका माझ्या नावाने बोटं मोडतील! तर ती एकदम हळू आवाजात म्हणाली, ‘मावशी, कातडी भाजल्यासारखी होते, फाटली, चिघळली तर शेक थांबवावे लागतात. उपचार अर्धवट राहायला नको ना? कातडी सांभाळा.’ मग नवऱ्याचा जुना ढगळ सुती सदरा अंगात घातला आणि बसले घरात. खरं सांगते, भीती वाटली हो. लेकीचं लग्न बघायचं होतं मला, आणि त्याच्या पुढचंही सगळं.

पण हद्दाला कोण सांगणार? हद्दा म्हणजे आमच्या हमामातली घासणारी. मी नवी नवरी होऊन या गल्लीत आले ना, तेव्हापासून माझं अंग तिच्या हातात. माझ्या पाठीवरचा तीळ माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, तिला ठाऊक! दोन गुरुवार मी दिसले नाही तर बाई घासायचा खरखरीत हातमोजा कमरेला खोचून थेट घरी, दारातूनच सुरू, ‘काय गं ए यामना, दुसरी कोण गाठलीस? सांग ना! माझा हात आता टोचायला लागला होय?’ मी म्हटलं, अगं हे बघ, आणि सदऱ्याची बटणं सोडून दाखवलं. तिथे इस्पितळवाल्यांनी निळ्या रेघा मारलेल्या, शेक कुठे द्यायचा त्याच्या खुणा. आणि ही बया ओरडते, ‘अगं बाई गं! हे कुणी गिरबटून ठेवलंय तुझ्या अंगावर?’ मी सांगेस्तोवर पदार्थावरची माशी हाकलावी तसा हिचा हात सुटला, तिच्या खांद्यावरच्या टॉवेलचं टोक माझ्या कोनाड्यातल्या गुलाबपाण्यात बुडालं, आणि पुसली की हो एक रेघ! साफ! सवयीचा हात, दुसरं काय... डाग दिसला की चालला.

दुसऱ्या दिवशी मी तिला धरून इस्पितळात नेलं. म्हटलं, माझ्या वाटची बोलणी तूच खा. इल्हामने बिचारीने रेघ पुन्हा आखली, आणि मग हद्दाचे ते दणकट हात हातात घेऊन म्हणाली, ‘मावशी, तुमच्या हातात ताकद आहे हो. पण आत्ता यांची कातडी तान्ह्या बाळाची समजा. ती टिकली तर शेक पुरे होतील, आणि शेक पुरे झाले तर या बऱ्या होतील.’ हद्दाचं तोंड असं उतरलं! परतताना अख्ख्या वाटेने आपल्याच तळहातांकडे बघत चालली होती.

मग उजाडला नवरीच्या हमामाचा दिवस. मेणबत्त्या, गाणी, पोरींच्या किलकाऱ्या. मी म्हटलं, एकदा, फक्त एकदाच, पाय तरी टाकते आत. तर गरम खोलीच्या दारात हद्दा हात पसरून उभी! ‘मागे हो! कातडी सांभाळ!’ अगं, माझी लेक आहे आत! ‘असू दे. मी घासते तिला. तू बस.’ बसले मग बाहेरच्या कपड्यांच्या खोलीत, बाकावर. आतून साबणाचा वास येत होता आणि मला माझी आई आठवत होती. माझ्या लग्नाआधी तिने स्वतः मला घासलं होतं. मी ‘दुखतंय गं’ म्हणून रडत होते, आणि ती म्हणत होती, ‘सासरी गेल्यावर कोण इतकं घासणार तुला?’ आणि घासता घासता तीच रडत होती. काय दिवस होते हो... आता ते हात कुठून आणू?

तेवढ्यात दार उघडलं, आणि ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून, माझी सुकैना बाहेर. मागे हद्दा, कोमट पाण्याचं भांडं घेऊन. म्हणाली, ‘शेवटचं पाणी आईनेच ओतायचं असतं. ओत. आणि अंगावर उडवून घेऊ नकोस.’ ओतलं मी. लेकीच्या डोक्यावर पाणी, आणि माझ्या डोळ्यांतही. सुकैना म्हणाली, ‘आई, रडू नकोस ना.’ मी म्हटलं, गप गं, वाफ आहे.

झालं! लग्न झालं, शेक पुरे झाले, कातडी जरा काळवंडली पण कुठे फाटली नाही. पुढे बरेच दिवस गेल्यावर डॉक्टर म्हणाला, जा बाई आता हमामात, खुशाल. मी कशी गेले म्हणता, उड्या मारत! काळा साबण लावला, पडले फरशीवर, डोळे मिटले, म्हटलं, हद्दा, चालव हात! आणि हद्दा... फडकं घेऊन मला टिपतेय! अगं घास! ‘घासतेच आहे की.’ हे घासणं? ‘कातडी आहे ती यामना, घोंगडी नव्हे.’ अगं बये, ही टाच आहे, टाच! टाचेला कुणी शेक दिले होते? तर म्हणते, ‘कुणी सांगावं?’

तर अशी माझी गत. गाठ गेली, शेक संपले, डॉक्टरने परवानगी दिली... आणि मी दर गुरुवारी हमामात जाते, घाम येईस्तोवर पडते, टिपून घेते आणि घरी येते. मळ? आहे की, जिथल्या तिथे!